पट्टा तुटण्याची वाट पाहू नये

पोळ्याच्या सणाला बैलांना नवी वेसण, नवी म्होरकी आणि नवा कासरा घालण्याची महाराष्ट्रातील चाल फार जुनी आहे. जुना कासरा तोपर्यंत तुटलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आणखी चार-सहा महिने सहज टिकण्याजोगा असतो. तरीही शेतकरी तो उतरवून ठेवतो व नवा घालतो. कारण भर रस्त्यात किंवा विहिरीच्या काठावर कासरा तुटला तर काय प्रसंग ओढवतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. वस्तू मोडण्यापूर्वी ती बदलावी, आणि बदलण्याचा दिवस आधीच ठरलेला असावा, हे शहाणपण गावच्या शेतीला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

बैलांच्या जोडीस ट्रॅक्टर आला, तेव्हा हे शहाणपण मात्र त्याच्याबरोबर गोठ्यातून शेडमध्ये गेले नाही. लाखो रुपये किमतीच्या यंत्राच्या पुढील भागी रबराचा एक पट्टा अखंड फिरत असतो. तो सैल झाला आहे काय, त्याचा ताण राखणारी पुली नीट फिरते काय, याची चौकशी सर्वसाधारणपणे एकाच वेळी होते आणि ती म्हणजे पट्टा तुटून ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर उभा राहिल्यानंतर. हा प्रघात बदलणे अगत्याचे आहे. पट्टा व त्याचा ताण राखणारा भाग यांची तपासणी ठरलेल्या तासांनी व्हावी, ते तुटण्यापूर्वी बदलले जावेत, आणि ज्या गावात एका ट्रॅक्टरवर अनेकांची शेती अवलंबून आहे तेथे ही गोष्ट केवळ मालकाची खाजगी बाब समजली जाऊ नये, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पट्ट्याचे काम

ज्याला सामान्यतः फॅन बेल्ट म्हणतात, तो पट्टा केवळ पंखा फिरवितो असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः बहुतेक ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील, म्हणजे क्रँकशाफ्टवरील पुलीपासून निघणारा हा एकच पट्टा तीन कामे करतो. तो पंखा फिरवितो, इंजिनाभोवती पाणी खेळविणारा वॉटर पंप फिरवितो आणि बॅटरी भारणारा अल्टरनेटर फिरवितो. तेव्हा पट्टा सैल झाला की तिन्ही कामे एकदम मंदावतात. रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही, पाण्याचा फेरा संथ होतो, आणि नांगरटीसारख्या जड कामात इंजिन तापू लागते. तापलेले इंजिन तसेच दामटले तर सिलिंडर हेडखालील गॅस्केट जळते, हेड वाकते व अखेर पिस्टन धरतो. पट्ट्याच्या किमतीत व इंजिनाच्या दुरुस्तीच्या खर्चात किती अंतर आहे, हे ज्याला एकदा भोगावे लागले त्याला निराळे सांगावे लागत नाही.

बॅटरीचे नुकसान मात्र सावकाश होत असल्यामुळे लक्षात येत नाही. पट्टा घसरत असला की अल्टरनेटर पुरेसा वेग घेत नाही व बॅटरी अर्धवट भरलेली राहते. मग सकाळी स्टार्टर उचलत नाही. यावर उपाय म्हणून ट्रॅक्टर रोज उतारावर उभा करणे, किंवा न्याहारीच्या वेळीही इंजिन चालूच ठेवणे, असे प्रकार सुरू होतात. पुढे नवी बॅटरी घेतली जाते, आणि काही महिन्यांनी तीही तशीच होते. दोष पट्ट्याच्या ताणात असतो व खर्च डिझेल आणि बॅटरीवर होत राहतो.

पट्टा सैल असता कामा नये, तसाच तो वाजवीपेक्षा ताठही असता कामा नये. पुलीच्या खाचेत पाचरीप्रमाणे बसणारा पट्टा खाचेच्या तळावर नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या उतरत्या भिंतींवर पकड घेतो. या पाचरीसारख्या बैठकीमुळे त्याची पकड त्याच रबराच्या सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते, म्हणून त्याला अतिरेकी ताण देण्याचे कारणच नसते. असा ताण दिला तर त्याचा भार वॉटर पंपाच्या व अल्टरनेटरच्या बेअरिंगांवर पडतो. बेअरिंग झिजते, दांडा डगमगू लागतो, पंपाखालील बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागते. 'तुटेपर्यंत ताणू नये' ही म्हण माणसांच्या व्यवहाराप्रमाणे यंत्रालाही लागू पडते.

नुकसान कोणाचे ?

पट्टा तुटल्याने मालकाची गैरसोय होते, ही गोष्ट उघड आहे. परंतु खरे नुकसान पुष्कळदा दुसऱ्याचेच होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे, आणि २ हेक्टरांहून कमी जमीन असणाऱ्या खातेदारांचे प्रमाण शेकडा ८६ हून अधिक आहे. एवढ्या जमिनीवर स्वतःचा ट्रॅक्टर बाळगणे परवडणारे नाही. असा शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने आणतो आणि आपली पाळी येण्याची वाट पाहतो.

ही पाळी वर्षाच्या कोणत्याही दिवशी येऊन चालत नाही. खरिपात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर जमिनीला वाफसा येतो आणि मग पेरणी करावी, असा सल्ला कृषी खाते देत असते. काळ्या जमिनीत हा वाफसा फार दिवस टिकत नाही. पुन्हा पाऊस आला तर चिखल होतो, उघडीप लांबली तर ओल उडून जाते. या चार-पाच दिवसांत ट्रॅक्टरला शिवारभर फिरावयाचे असते. त्याच दिवसांत पट्टा तुटला, तालुक्याच्या गावी तो मिळाला नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणण्यात दोन दिवस गेले, तर पहिल्या दिवशी पेरणी उरकलेल्या शेतकऱ्याचे काहीच बिघडत नाही. ज्याची पाळी शेवटी होती त्याचा वाफसा जातो. तो सर्वांत लहान खातेदार असण्याचा संभव अधिक. कारण मोठ्या रानाचे काम आधी आणि दोन एकरांचे मागाहून, अशीच बहुतेक ठिकाणची रीत आहे. म्हणून भाड्याने फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या पट्ट्याची हेळसांड हा शेजाऱ्याच्या पेरणीशी केलेला हलगर्जीपणा होय, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

तपासणी कशी करावी

ही तपासणी मुळीच अवघड नाही. तिला सामान्यतः पाच ते दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ती किती तासांनी करावयाची हे यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारणपणे दर ५० तासांच्या कामानंतर ताण पाहणे इष्ट. धुळीच्या दिवसांत आणि पेरणी व मळणीच्या हंगामात रोज सकाळी एक दृष्टी टाकावी. ट्रॅक्टरवरील तासमापक हा याच कामासाठी दिलेला असतो. तो बंद पडला असेल तर प्रथम तो दुरुस्त करावा, कारण तासांचा हिशेब नसेल तर देखभालीचाही हिशेब राहत नाही.

इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात ठेवून आणि इंजिन निवल्यावरच हात घालावा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन, म्हणजे सुमारे १० किलोच्या भाराने दाबले असता पट्टा सामान्यतः १० ते १५ मिलिमीटर खाली जावा. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत निराळा अंक असल्यास तोच प्रमाण मानावा. पट्टीने मोजावे. 'हाताला कळते' यावर विसंबू नये, कारण प्रत्येकाचा हात निराळा असतो.

नंतर पट्टा उलटसुलट करून पाहावा. बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरत आहे. कडा उसवल्या असतील, आतील दोरे दिसत असतील, आडव्या चिरा पडल्या असतील किंवा तेल लागून रबर फुगले असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पट्ट्याचा वरचा पृष्ठभाग पुलीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत असावा. तो खोल बसत असेल आणि खाचेचा तळ घासून चमकू लागला असेल, तर पट्टा तरी झिजला आहे किंवा पुली तरी. अशा वेळी ताण वाढवून उपयोग होत नाही, कारण भिंतींवरील पकडच गेलेली असते. पट्ट्याची एकच कड झिजत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे. सरळ पट्टी लावून पाहिल्यास ते लगेच ध्यानात येते.

यंत्र स्वतःही सूचना देत असते. थंड इंजिन चालू करताना किंवा दिवे लावताना किंचाळल्यासारखा आवाज, पुल्यांभोवती साचलेली काळी भुकटी, बॅटरीचा न विझणारा लाल दिवा आणि उष्णतादर्शक काट्याचे हळूहळू वर सरकणे, ही त्याची बोली आहे. अर्थात तापण्याचे कारण दर वेळी पट्टाच असते असे नाही. रेडिएटरच्या जाळीत भुसकट अडकल्यानेही इंजिन तापते. म्हणून पट्टा पाहतानाच जाळीही झटकून घ्यावी.

स्वयंचलित ताण-पुली

जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये अल्टरनेटर एका खाचेच्या पट्टीवर पुढेमागे सरकवून ताण द्यावा लागतो. अनेक नव्या वाहनांत, विशेषतः भाजीपाला व दूध वाहून नेणाऱ्या लहान मालगाड्यांत, उभ्या कंगोऱ्यांचा रुंद चपटा पट्टा असतो आणि त्याचा ताण राखण्यासाठी स्प्रिंगच्या हातावर बसविलेली पुली असते. तिला कारागीर टेन्शनर म्हणतात. पट्टा जसजसा लांबतो तसतसा स्प्रिंगचा हात सरकतो आणि ताण कायम ठेवतो. या सोयीमुळे मालकाचा असा समज होतो की, आता पाहावयाचे काही उरलेच नाही. हा समज घातक आहे. ताण-पुलीतही झिजणारे भाग आहेतच. स्प्रिंग काळाने थकते, हाताच्या बिजागरीत धूळ जाऊन तो अडकतो किंवा ढिला होतो, आणि पुलीचे बेअरिंग कोरडे पडते. हे बेअरिंग बंदिस्त असते, त्यात ग्रीस भरण्याची सोय नसते. वरून तेल किंवा डिझेल मारणाऱ्याने पट्ट्याचेच नुकसान करून घेतलेले असते.

तिची परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. इंजिन मंद गतीवर चालू असता दूर उभे राहून पाहावे. हात किंचित हलणे स्वाभाविक आहे, परंतु तो थडथडत असेल तर स्प्रिंग किंवा बिजागरी गेली आहे. इंजिन बंद करून पट्टा उतरविल्यावर पुली बोटाने फिरवावी. ती आवाज न करता गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर लागल्यास किंवा आडवी हलविता आल्यास बेअरिंग संपले. हात पान्याने ओढून सोडला असता सर्वत्र सारखाच जोर लागावा आणि तो न अडकता परत यावा. अनेक ताण-पुल्यांवर काटा व मर्यादेच्या दोन खुणा असतात. काटा खुणेबाहेर गेला तर पट्टा प्रमाणाबाहेर लांबला, असे समजावे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. पूर्वीच्या रबराचे पट्टे झिजले म्हणजे त्यांना चिरा पडत, आणि चिरा मोजून पट्टा बदलण्याचा निर्णय घेता येत असे. अलीकडील कंगोऱ्यांचे पट्टे बहुधा ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. त्यांना पुष्कळ काळ चिरा पडत नाहीत. ते मोटारीच्या टायरप्रमाणे झिजत जातात व कंगोऱ्यांमधील खाचा रुंद होतात. 'पट्टा दिसावयास नवा आहे' हे आता पट्टा चांगला असल्याचे गमक राहिलेले नाही. म्हणून डोळ्यांवर नव्हे, तर तासांवर व किलोमीटरांवर भरवसा ठेवावा.

बदलताना घ्यावयाची काळजी

बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे चित्र कागदावर काढून ठेवावे, कारण कंगोऱ्यांचा पट्टा काही पुल्यांवर आतल्या अंगाने व काहींवर पाठीने चालतो. ताण-पुलीचा हात योग्य मापाच्या पान्याने ठरलेल्या दिशेस वळवून पट्टा सैल करावा व उतरवावा. हात एकदम सुटू देऊ नये, बोटे सापडतात. नंतर ताण-पुलीचा बोल्ट काढावा. काही पुल्यांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा बोल्ट ढिला होत नसेल तर जोर वाढविण्यापूर्वी पुस्तिका पाहावी. नवी ताण-पुली बसविताना तिच्या पाठीमागील खुंटी इंजिनावरील छिद्रात बसली आहे, याची खात्री करून मगच बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावा. नव्या ताण-पुलीस अडकविण्याची खीळ लावलेली असल्यास पट्टा चढविल्यावर ती काढण्यास विसरू नये.

जेथे अल्टरनेटर सरकवून ताण द्यावयाचा असतो, तेथे खालचा व पट्टीवरचा असे दोन्ही बोल्ट ढिले करावेत, लाकडी दांड्याचा आधार अल्टरनेटरच्या पुढील भक्कम अंगाला देऊन तो बाहेर ओढावा, प्रथम पट्टीवरचा बोल्ट व मग खालचा बोल्ट आवळावा, आणि ताण पुन्हा मोजावा. पट्टा कोणत्याही परिस्थितीत पहारीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने पुलीच्या काठावरून ओढून चढवू नये. त्यामुळे आतील दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि तो पट्टा थोड्याच दिवसांत खाचेत उलटतो. नवा पट्टा आरंभी थोडा लांबतो. म्हणून काही मिनिटे इंजिन चालवून, आणि मग पहिल्या काही तासांच्या कामानंतर, ताण पुन्हा पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ, डांबर किंवा साबण लावण्याची चाल पीठगिरणीच्या सपाट पट्ट्यांवरून ट्रॅक्टरकडे आली आहे. या पदार्थांवर धूळ बसते, ती खाचेच्या भिंती घासते, आणि दोष तात्पुरता झाकला जातो. हा उपाय नव्हे.

ट्रॅक्टरपुरतेच हे नाही

कोकणातील भातखाचरांत चालणाऱ्या पॉवर टिलरमध्ये इंजिनाची शक्ती पट्ट्यांवरूनच पुढे जाते व ताण-पुली तो ताण राखते. मळणी यंत्रातही तसेच. तेथील पट्ट्यांवर अ, ब, क या अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. ए म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर, बी म्हणजे १७ आणि सी म्हणजे २२ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरा बसविणे अयोग्य होय. जेथे दोन-तीन पट्टे जोडीने चालतात तेथे एक तुटला तरी सर्व एकदम बदलावेत, नाही तर नवा एकटाच सर्व भार ओढतो. ट्रॅक्टरच्या पंख्याचा पट्टा मात्र अशा अक्षरांवरून नव्हे, तर पुस्तिकेतील भागक्रमांकावरून घ्यावा.

येथे जीविताचा प्रश्नही येतो. मळणी यंत्रांच्या अपघातांत अनेकांनी हात गमावले, आणि अशा यंत्रांच्या निर्मितीस व वापरास निर्बंध घालण्यासाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत झाला. कायदा झाला तरी पट्ट्यावरील जाळी काढून ठेवणारा हात गावातच असतो. पट्टा वारंवार घसरतो व सारखे उघडावे लागते, म्हणून जाळी काढली जाते. ताण ठीक ठेवला तर जाळी काढण्याची गरज भासत नाही. धोतराचा सोगा, उपरणे, ओढणी किंवा पदर सावरून घेतल्यावाचून कोणीही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ नये, ही शिस्त घरोघर पाळली जावी.

काही आक्षेप

'चालते आहे तोवर कशाला हात लावा ?' हा पहिला आक्षेप. चालू यंत्राला उगाच छेडू नये, या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तपासणे म्हणजे छेडणे नव्हे. ज्या पट्ट्याचा काळ भरला आहे तो आज ना उद्या तुटणारच. तो उन्हाळ्यातील सवडीच्या दिवशी बदलावयाचा की पेरणीच्या गर्दीत, एवढेच आपल्या हाती असते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी त्या दिवशी मिळत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ताण-पुली पट्ट्यापेक्षा महाग असते, म्हणून केवळ पट्टा बदलून जुन्या पुलीवर भागविण्याचा मोह होतो. थकलेल्या स्प्रिंगवर चढविलेला नवा पट्टा घसरतो, तापतो आणि वेळेपूर्वी जातो. बेअरिंग धरले तर तो एका क्षणात जळतो. म्हणून परीक्षेत उणी ठरलेली ताण-पुली पट्ट्याबरोबरच बदलावी. चांगल्या अवस्थेतील पुली बदलण्याचा आग्रह धरण्याचे मात्र कारण नाही. काटकसर आणि कुचराई यांतील भेद ओळखावा, इतकेच.

तिसरा आक्षेप असा की, ही कामे मिस्त्रीची आहेत. पुली बदलण्याचे काम मिस्त्रीकडे सोपविण्यास हरकत नाही. परंतु अंगठ्याने ताण पाहणे हे चालकाचेच काम आहे. बैलाच्या खांद्याला जू लागले आहे काय, हे पाहण्यासाठी कोणी पशुवैद्याची वाट पाहत नसे.

ग्रामस्तरावर काय व्हावे

२०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाने यंत्रखरेदीस व भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांस साहाय्य दिले, आणि त्यामुळे अनेक गावांत ट्रॅक्टर व मळणी यंत्रे पोहोचली. यंत्र पोहोचले म्हणजे विस्तारकार्य संपले, असे मानणे योग्य नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टरचे प्रशिक्षण देणारे केंद्र सुरू झाले, ते यंत्र चालविणारा माणूस शिकल्याखेरीज यंत्राचा उपयोग नाही, या जाणिवेनेच. ती जाणीव आता गावाच्या पातळीवर उतरावयास हवी.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात, मृग लागण्यापूर्वी, ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील सर्व ट्रॅक्टर, पॉवर टिलर व मळणी यंत्रे एका दिवशी एकत्र आणवावीत आणि एखाद्या जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली चालकांकडूनच ताण मोजून घ्यावा. व्याख्यान दिले नाही तरी चालेल, परंतु प्रत्येक चालकाच्या अंगठ्याने एकदा तरी पट्टा दाबलेला असावा. प्रत्येक यंत्रास एक वही असावी. तीत तारीख, तासमापकाचा आकडा व केलेले काम एवढे तीनच रकाने पुरेत. भाडे केंद्रांनी आपल्या प्रत्येक यंत्राचा एक जादा पट्टा भागक्रमांकानिशी सावलीत, तेलापासून दूर, घडी न घालता ठेवावा. आणि भाड्याचा ट्रॅक्टर ठरविताना शेतकऱ्याने दराबरोबरच ही वही पाहण्यास मागावी. त्यात संकोच मानू नये. बियाण्याची पिशवी घेताना उगवणक्षमता विचारणाऱ्यास आज कोणी हसत नाही. काही वर्षांनी वहीबद्दलही तेच होईल.

दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालणारे हात यंत्राविषयी उदासीन आहेत, असे कोण म्हणेल ? गावात यंत्राबद्दल आस्था पुष्कळ आहे, तिला केवळ नियमाची जोड हवी. खरीप व रब्बी अशा दोन्ही हंगामांपूर्वी पट्टा आणि ताण-पुली यांची एकदा नीट परीक्षा झाली, तर निदान या एका कारणाने कोणाचा वाफसा वाया जाणार नाही. दोन एकरांच्या खातेदारास एवढी हमी मिळवून देणे हे विस्तारकार्याचे लहान परंतु खरेखुरे यश ठरेल.